उघड्या शिवेच्या बाई

आमच्या विद्यापीठाच्या साताऱ्यातील मध्ययुगीन अभ्यासकेंद्राच्या दारावर जी पाटी होती, तिच्यावरील 'मध्ययुगीन' हा शब्द बाईंना मान्य नव्हता. त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. पाटी बदलण्याचा प्रस्ताव त्यांनी तीनदा पाठविला होता आणि तो तीनदा परत आला होता. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग काढला. नव्या विद्यार्थ्याला त्या पाटीखाली उभे करीत आणि विचारीत, "त्या मान्सास्नी कुटं ठावं हुतं आपुन मधी हाय म्हनून? तुमाला ठावं हाय का, तुमी कशाच्या मधी हाय त्ये?"

मी त्या पाटीखाली उभा राहिलो तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. इतिहासाची पदव्युत्तर पदवी मी तरुणपणीच चांगल्या गुणांनी मिळवली होती. परंतु पुढची बावीस वर्षे भूमापक म्हणून लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. स्वेच्छानिवृत्ती घेऊन पीएच.डी.साठी अर्ज केला, तेव्हा घरच्यांना तो आजार वाटला. मुलाखतीच्या समितीने मला इतिहासलेखनाच्या पद्धतींविषयी बरेच काही विचारले. उत्तरे मला येत होती, पण ती ओठांबाहेर पडेपर्यंत पुढचा प्रश्न येत असे. बाई तोवर खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"चालता का?"

"जी?"

"पायानं. दिसाला किती?"

"मोजणीवर असताना आठ-दहा मैल होत असत," मी खरे ते सांगितले.

"घ्या ह्यास्नी," बाई समितीला म्हणाल्या आणि पुन्हा अजिंक्यताऱ्याकडे वळल्या.

बाई रहिमतपूरजवळच्या एका खेड्यातल्या. वडील सैन्यात सुभेदार होते, भाऊ ऊस करीत. फारसी त्या आपल्या घरची भाषा असावी तशी वाचीत. परदेशातले विद्वान आले की त्यांच्याशी स्वच्छ, तोलून-मापून इंग्रजीत बोलत. मराठी मात्र त्यांनी कधीच बदलली नाही. कुलगुरूंच्या बैठकीतही "आमी काय म्हंतो, ऐका जरा" अशीच सुरुवात होई. एका सहकाऱ्याने एकदा त्यांना आडून सुचविले, की पदाला शोभेल अशी भाषा असावी. बाईंनी त्यांच्याकडे कुतूहलाने पाहिले. म्हणाल्या, "ज्या कागदांवर तुमी पगार घेता, त्यातली मानसं माज्यासारकीच बोलत हुती. तुमच्यासारकं बोलनारा एक बी घावला न्हाई मला अजून."

दर शनिवारी केंद्रात 'वाचन' असे. बाई वडिलांची काळी लष्करी पत्र्याची ट्रंक घेऊन येत. तिच्यावर सुभेदारांचे नाव पांढऱ्या रंगात अजून वाचता येई. आत भिंग, विजेरी, सुतळी, खडू, दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. त्यांनी घालून दिलेला नियम असा, की कोणताही जुना कागद आधी पालथा ठेवायचा. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने त्याच्या पाठीविषयी काहीतरी सांगायचे, आणि मगच तो उलटायचा.

"डाग आहे, बाई," कोणी म्हणे.

"कशाचा?"

"तेलाचा असावा."

"मंग दिव्यापाशी बसून कुनीतरी वाचत हुतं. झालं, एक मानूस घावला. फुडं?"

कागदातील माणसांशी त्यांचे संबंध शेजाऱ्यांसारखे होते. मेढ्याकडच्या एका कुलकर्ण्यावर त्यांचा विशेष राग होता. "ह्यो लय लबाड. बगा, सवताच्या आमराईपाशी आला की अक्षर बारीक करतूय." एका पाटलाशी तर त्यांनी पाऊण महिना अबोला धरला होता. त्याने धाकट्या भावजयीची जमीन लाटल्याचा कागद सापडला, त्या दिवसापासून त्याच्या दप्तराचे वाचन बंद. "त्येचं नाव काडू नगा. डोस्कं फिरतंय माजं." पुढे त्याच पाटलाने ती जमीन परत दिल्याचा कागद मिळाला, तेव्हा बाईंनी सर्वांना पेढे वाटले.

या वाचनात मी दोन वर्षे जवळजवळ मुका होतो. प्रश्न सुचला की तो चिठ्ठीवर लिहून टेबलावरून पुढे सरकवीत असे. बाई चिठ्ठी उचलून मोठ्याने म्हणत, "चिट्टीला तोंड न्हाई. ज्येला हाय, त्येनं बोलावं." मग मी मान खाली घालीत असे, आणि तो प्रश्न तसाच राहून जाई.

बाईंची कीर्ती ज्यामुळे झाली, त्या पुस्तकाविषयी आता सांगितले पाहिजे. त्यांच्या तारुण्यातले ते पुस्तक, आणि त्याचे तिसरे प्रकरण, 'उघडी शीव'. रहिमतपूरच्या पलीकडील दोन गावांत हद्दीचा तंटा झाला होता. वरच्या गावाचे व खालच्या गावाचे लोक एकत्र बसले, साक्षी झाल्या आणि निवाड्याचा लांबलचक कागद तयार झाला. त्यात हद्दीच्या खुणा एकामागून एक दिल्या आहेत: कोरीव दगड, ओढा, टेकाडाची सोंड, पिंपरणीचे झाड. आणि पिंपरणीपाशी वर्णन थांबते. खाली थेट साक्षीदारांची नावे सुरू होतात. हद्द पहिल्या दगडाला येऊन मिळतच नाही. बाईंनी याचा अर्थ असा लावला, की ती बाजू दोन्ही गावांनी मुद्दाम मोकळी सोडली. पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातून मेंढरे घेऊन येणाऱ्या धनगरांना वाट मिळावी, म्हणून गावांनी दाखविलेले ते औदार्य होते. ही कल्पना सर्वांना मनापासून आवडली. तिच्यावर लेख झाले, चर्चासत्रे झाली, परीक्षेत प्रश्न येऊ लागले. जुने विद्यार्थी आपसांत त्यांना 'उघड्या शिवेच्या बाई' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होते.

माझा प्रबंध या भागातील हद्दीच्या तंट्यांवरच होता. बाईंच्या शिस्तीप्रमाणे ज्या गावाचा कागद वाचायचा, त्याची शीव आधी पायांनी चालावी लागे. म्हणून एका हिवाळ्यात आम्ही पाच-सहाजण त्या दोन गावांच्या हद्दीवरून निघालो. कोरीव दगड एका बांधात तसाच उभा होता. ओढा सापडला, टेकाड सापडले. पिंपरणीचे झाड कधीच गेले होते, पण त्या वावराला अजून 'पिंपरणीचं रान' म्हणत. तिथे उभे राहून बाईंनी समोरच्या उसावरून हात फिरवला.

"आन् हितनं फुडं शीव उगडी सोडली. केवडं मोटं मन आसंल बगा."

बांधावर एक शेतकरी पाण्याची दारे मोडीत, उसाला पाणी देत होता. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले होते.

"आवं बाई," तो म्हणाला, "आमी हितं वीतभर बांद सोडत न्हाई. आमचं आजं-पंजं येवडं रान सोडतील व्हय?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने बाई हसल्या. मला मात्र हसू आले नाही, कारण हाच विचार सकाळपासून माझ्या मनात होता. मोजणीत रेषा फिरून पहिल्या खुणेला मिळाली नाही, तर आम्ही तिच्यावर सिद्धांत मांडीत नाही. आम्ही चूक शोधतो.

तो मूळ कागद बाईंनी पाहिला, तेव्हा मालकाने तो टिकावा म्हणून पाठीमागून कापडाला चिकटवलेला होता. पुढे तो केंद्राकडे आला आणि दुरुस्तीसाठी ते कापड सोडविण्यात आले. त्या आठवड्यात बाई दिल्लीला होत्या. कागदाची पाठ प्रथम पाहणारा मी ठरलो.

असे लांब कागद अनेक ताव एकाखाली एक डकवून केलेले असत. अशा एकेका तावाला 'बंद' म्हणतात. मधला बंद कोणी काढून घेऊ नये, म्हणून प्रत्येक जोडावर मागून शिक्का मारीत. अर्धा शिक्का वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. हा कागद चार बंदांचा होता. पहिले दोन्ही जोड चोख होते. तिसऱ्या जोडावर, म्हणजे पिंपरणीच्या ओळीखाली, वरचा अर्धा शिक्का डावीकडे होता आणि खालचा अर्धा चांगला चार बोटे उजवीकडे. कधीतरी जोड सुटला होता, मधला एक बंद हरवला होता आणि कोणी भल्या माणसाने उरलेले दोन बंद एकमेकांना डकवून टाकले होते.

आदल्या वर्षी सांगलीतील एका वकिलांच्या घराण्याचे दप्तर मी पाहिले होते. ते आता दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेत, लोखंडी कपाटात, मुलांच्या शालेय चषकांच्या मागे ठेवलेले होते. माझ्या टिपणवहीत त्यातील एका कागदापुढे नोंद होती: 'सुटा बंद, आगापिछा नाही'. मी पहाटेच्या एस.टी.ने सांगलीला गेलो.

"पाव्हनं, परत?" वकीलसाहेब दार उघडत म्हणाले. "कायतरी इसारला व्हय?"

मी पट्टीने शिक्क्यांची अंतरे मोजली. वरचा अर्धा डावीकडे, खालचा अर्धा उजवीकडे. दोन्ही जुळत होते. त्या बंदात पिंपरणीपासून पुढच्या चार खुणा होत्या आणि शेवटची खूण तोच कोरीव दगड होती. शीव मिटत होती. त्याखाली एक कलम होते: या हद्दीतून मेंढरांची आठ हात रुंद वाट पूर्वापार चालत आली आहे, ती धनगरांच्या हक्काची, दोन्ही गावांनी तिला अडथळा करू नये. कलमाच्या बाजूला धनगरांच्या मुख्याने सहीऐवजी लोकर कातरण्याची कातर काढली होती.

परतीच्या प्रवासात मला आनंद झाला होता असे म्हणता येणार नाही. बाईंच्या आयुष्यभराच्या कीर्तीचा पाया माझ्या पिशवीतील एका झेरॉक्सने काढून घेतला होता.

केंद्रात कोरेगावचा एक तरुण प्राध्यापक माझा मित्र होता. माझ्या जुन्या नोकरीमुळे तो मला 'साहेब' म्हणे. त्याला हे सांगितले, तेव्हा त्याने आधी दार लावले.

"साहेब, प्रबंधातनं हे वगळा. पदवी घ्या, मग दोन वर्षांनी गुपचूप लेख लिहा."

"पण शीव मिटते आहे."

"शीव मिटतीय, पण तुमची पदवी बी मिटंल. ह्या वयात परत मोजणीला घेतील का तुम्हाला?"

अठरा दिवस मी गप्प राहिलो. एकोणिसाव्या दिवशी, शनिवारी, वाचनापूर्वी मी ती झेरॉक्स बाईंच्या ट्रंकेत भाकरीच्या शेजारी ठेवली. सोबत चिठ्ठी होतीच. बाईंनी ट्रंक उघडली, कागद वाचला, चिठ्ठी वाचली, ट्रंक बंद केली.

"आज वाचन न्हाई," त्या म्हणाल्या. असे याआधी कधीही झाले नव्हते.

नंतर त्या मला त्या विषयावर भेटल्याच नाहीत. प्रकरण लिहून दिले, ते एकाही खुणेशिवाय परत आले. शेवटच्या पानावर फक्त दोन शब्द, 'परीक्षेत सांगा'. मार्गदर्शक म्हणून सही त्यांनी केली. पण त्या माझ्या बाजूने उभ्या राहणार, की भर सभागृहात मला मोडीत काढणार, हे मला शेवटपर्यंत समजले नाही.

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते, परंतु तिला सहसा दहा-बारा माणसेही नसतात. त्या दिवशी केंद्राचे सभागृह भरले होते. बाईंचा विद्यार्थी बाईंनाच खोडणार, ही वार्ता सांगलीपर्यंत गेली होती. खुद्द वकीलसाहेब तो बंद छातीशी धरून पहिल्या रांगेत आले होते. बाहेरून आलेले परीक्षक नामवंत होते, आणि 'उघड्या शिवे'वर त्यांचाही एक ग्रंथ होता.

"आपण पूर्वी मोजणी खात्यात होता, असे दिसते," ते सौजन्याने म्हणाले. "प्रत्येक रेषा मिटलीच पाहिजे, हा आग्रह तिथला आहे काय? इतिहासात काही गोष्टी उघड्याही असू शकतात."

सभागृहात हशा पिकला. मी दोन वाक्ये बोललो. ती माझी मलाही ऐकू आली नाहीत. मागून कोणीतरी "ऐकू येत नाही" म्हणाले. बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या हाताची घडी घालून छताकडे पाहत बसल्या होत्या.

मला बोलता येईना, म्हणून मी हातांना काम दिले. मूळ कागद मागवला. दुरुस्तीत सुटे झालेले बंद टेबलावर पालथे मांडले आणि म्हणालो, "कृपया इकडे येऊन पाहावे." लोक उठून टेबलाभोवती जमले. तिसरा बंद आणि शेवटचा बंद मी एकमेकांना लावले. चार बोटे सरकलेला तो शिक्का सर्वांना दिसला. मग वकीलसाहेबांचा बंद मधे ठेवला. वरचा शिक्का गोल झाला. खालचाही गोल झाला. मी मान वर केली, तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी केव्हापासून बोलतो आहे आणि मागच्या भिंतीपर्यंत लोक ऐकत आहेत. हद्दीच्या चारही खुणा सांगितल्या, झेरॉक्सवरून वाटेचे कलम वाचले, कातर दाखवली. कुठेही थांबलो नाही.

परीक्षक चष्मा काढून त्या दोन शिक्क्यांवर बराच वेळ वाकून राहिले. मग ते बाईंकडे वळले.

"मार्गदर्शक म्हणून आपले मत?"

बाई उठल्या.

"मत कशाला पायजे? दिसतंय की. म्या चुकले."

"तसे कसे म्हणता येईल?" परीक्षक घाईने म्हणाले. "आपण पाहिला तेव्हा कागद कापडावर होता. पाठ दिसणे शक्यच नव्हते. याला आपली चूक म्हणता येणार नाही."

"पाठ दिसली न्हाई, ह्ये खरं," बाई म्हणाल्या. "पन पाठ दिसली न्हाई, ह्ये म्या पुस्तकात लिवलं न्हाई. चूक तितं हाय."

बाई टेबलापाशी आल्या, वकीलसाहेबांचा बंद त्यांनी हलकेच उलटला आणि त्या कातरीच्या चित्रावर बोट न टेकवता बोट धरले.

"आन् त्येच्याहून मोटी चूक ही. म्या लिवलं, गावानं धनगरांवर दया केली. दया न्हवती. हक्क हुता, चार लोकांत बसून लिवून घेतल्याला. ह्या मान्सानं त्येच्याफुडं आपली कातर काडली. आन् म्या त्येचा हक्क नेऊन गावाच्या दयेत घातला, तीस वर्सं." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्यास्नी पदवी द्या. आन् लवकर द्या, मला लय कामं हायत."

पहिली टाळी परीक्षकांनी वाजवली, हे त्यांच्याविषयी सांगितलेच पाहिजे. त्यानंतर जो कडकडाट झाला, त्यात मी कुठे पाहावे हे मला कळेना, म्हणून मी ते बंद नीट रचत राहिलो. कोरेगावच्या मित्राने मला मागून मिठी मारली. वकीलसाहेब जो भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या घरचा हाय त्यो. चषकामागं हुता." आणि बाई, ज्यांचे पुस्तक नुकतेच पडले होते, त्या पाटीखाली उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या चार खुणा तोंडपाठ म्हणून दाखवीत होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधीही पाहिले नव्हते.

'लय कामं' म्हणजे काय, ते दिवाळीच्या सुट्टीपूर्वी कळले. बाईंनी जिथे जिथे आपले पुस्तक आहे अशा ग्रंथालयांची यादी केली होती. तिथे एस.टी.ने जायचे आणि प्रत्येक प्रतीत, तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर, स्वतःच्या हाताने शाईने लिहायचे: 'हे प्रकरण चुकले आहे. मधला बंद सापडला. शीव मिटते. वाट हक्काची होती.' खाली माझे संपूर्ण नाव. माझे नाव नसले तरी चालेल, असे मी सुचवून पाहिले.

"का? लाज वाटती?"

"थोडी."

"मंग लिवताना तिकडं तोंड करून बसा."

साताऱ्यात चार प्रती झाल्या. रहिमतपुरात एक. मेढ्याच्या ग्रंथालयात पुस्तकाच्या मागील पाकिटातले कार्ड कोरे होते. ते एकदाही कोणी नेले नव्हते. बाईंनी समाधानाने मान हलवली. "ब्येस झालं. हितं कुनाचं नुकसान न्हाई."

सांगलीला मात्र अडचण आली. तेथील ग्रंथपाल नियमाला पक्के होते. बाईंनी पेनाचे टोपण काढलेले पाहताच ते टेबलामागून धावत आले.

"मावशी, थांबा. ग्रंथालयाच्या पुस्तकात काही लिहायला मनाई आहे. पाटी लावलीय बघा."

"आवं दादा," बाई म्हणाल्या, "ह्ये समदं पुस्तकच म्या लिवलंय. तवा कुनी अडवलं न्हाई मला. अडवाय पायजे हुतं."

ग्रंथपालांनी पुस्तक उलटून मलपृष्ठावरील छायाचित्र पाहिले. काळे केस, जाड चष्मा. मग समोर पाहिले. मग बाईंनी पुढे केलेल्या कागदावरील मजकूर सावकाश वाचला, आणि त्यांचा आवाज बदलला.

"मग जुना मजकूर खोडायचा का, बाई? पट्टी देऊ?"

"न्हाई. त्यो ऱ्हाऊ द्या. कसं चुकलं, ह्ये बी दिसलं पायजे लोकास्नी."

त्यांनी ओळी लिहिल्या, फुंकर मारून वाळवल्या.

"अजून किती प्रती हायत?"

"एक आहे. पण ती बाहेर गेलीय," ग्रंथपाल नोंदवही पाहत म्हणाले. "आटपाडीच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी नेलीय. सोमवारपासून हेच प्रकरण शिकवणार आहेत, म्हणत होते."

बाईंनी पेनाचे टोपण लावले, ट्रंक उचलली आणि माझ्याकडे वळल्या.

"उटा. आटपाडीची यष्टी कितीला हाय?"